डॉक्टर म्हणाले ‘तुम्हीच ठरवा’. आता ठरवायचं कसं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वय ४२. सात आठवड्यांपासून कमरेतून डाव्या पायात, पोटरीच्या बाहेरच्या बाजूने कळ जाते. अंगठ्यात मुंग्या येतात, पायाची ताकद शाबूत आहे. एमआरआयमध्ये चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी सरकून नस दबलेली दिसते. सर्जननी सांगितलं, ‘ऑपरेशन करता येईल, थांबून बघितलं तरी चालेल. तुम्ही ठरवा आणि शुक्रवारपर्यंत कळवा.’ पत्नी म्हणते करून टाका, मोठा भाऊ म्हणतो पाठीला हातच लावू देऊ नका. आणि तुम्ही वैतागून विचारलंय की आम्हीच ठरवायचं तर डॉक्टर कशाला? जबाबदारी झटकायचा हा नवा प्रकार आहे का? डॉक्टरांना वेळच नसतो, अशीही तुमची तक्रार आहे.

मी मणक्याच्या शस्त्रक्रिया करते, त्यामुळे असे पेशंट माझ्या रोजच्या पाहण्यातले. पण तुम्हाला मी तपासलेलं नाही, एमआरआय पाहिलेला नाही. म्हणून ‘करा’ किंवा ‘करू नका’ असं इथून सांगणार नाही. तुम्ही अडकलाय कुठे आणि तिथून पुढे कसं जायचं, एवढं नक्की सांगता येईल.

तुमच्या सर्जननी सांगितलेल्यात वैद्यकीय चूक नाही. दोन्ही वाटा खरोखरच खुल्या आहेत. अडचण अशी झाली की बोलणं अर्ध्यावर थांबलं. पर्याय दोन आहेत हे तुम्हाला कळलं, पण प्रत्येकात काय मिळतं, काय सोसावं लागतं आणि त्यातलं काय तुमच्या आयुष्यात बसतं, हे बोलणं झालंच नाही. त्याआधीच ‘तुम्ही ठरवा’ म्हटलं की पेशंटला वाऱ्यावर सोडल्यासारखं वाटणारच. तुम्हाला राग आला, तो रास्त आहे. पेशंटने आणि डॉक्टरने मिळून निर्णय घ्यायचा म्हणजे डॉक्टरने पर्याय वाचून दाखवायचे आणि पेशंटने एकावर बोट ठेवायचं, असं नसतं.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट बाजूला काढते, कारण तिथे पर्यायांची चर्चा करत बसायचं नसतं. लघवी अडणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं, जांघेत आणि बसण्याच्या जागी बधिरपणा येणं, दोन्ही पायांतली ताकद कमी होणं, यातलं काहीही झालं तर शुक्रवारची वाट पाहू नका, तडक इमर्जन्सीत जा. कण्याच्या खालच्या भागात नसांचा जुडगा असतो. तो दाबला गेला तर ऑपरेशन तातडीने करावं लागतं आणि उशीर झाला तर लघवीवरचा ताबा परत येईलच असं नाही. पाऊल वर उचलता येत नसेल आणि कमजोरी दिवसागणिक वाढत असेल तरीही सगळा हिशेब बदलतो. अशा वेळी मी पेशंटसमोर दोन पर्याय ठेवत नाही. हे करायला हवं आणि का करायला हवं, हे स्पष्ट सांगते. संमती तेव्हाही घेते, पण माझं मत धूसर ठेवत नाही. तुमच्या वर्णनात यातलं काही दिसत नाही, म्हणून पुढचं सगळं तुम्हाला लागू आहे.

तर मग दोन वाटा खुल्या आहेत असं आम्ही कशाच्या जोरावर म्हणतो? नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी अगदी तुमच्यासारख्या पेशंटांवर एक अभ्यास केला होता, तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. पायात ६ ते १२ आठवडे तीव्र कळ असलेले २८३ जण त्यात होते. चिठ्ठ्या टाकल्यासारखे त्यांचे दोन गट पाडले. एका गटाचं ऑपरेशन लवकर करायचं. दुसऱ्याने औषधं, हालचाल, गरज पडल्यास फिजिओथेरपी यांवर थांबायचं आणि नाहीच सोसलं तर मग ऑपरेशन. लवकर ऑपरेशनच्या गटातले निम्मे लोक साधारण ४ आठवड्यांत बरे वाटण्याच्या टप्प्याला पोचले, थांबलेल्या गटाला तिथे पोचायला साधारण १२ आठवडे लागले. वर्षभराने पाहिलं तर दोन्ही गटांत ९५ टक्के लोक बरं वाटतंय असं सांगत होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांना पुढे ऑपरेशन करावंच लागलं, सरासरी जवळपास १९ आठवड्यांनंतर. आणि दोन वर्षांनी विचारलं तेव्हा दोन्ही गटांतल्या साधारण पाचांतल्या एकाला आपला निकाल समाधानकारक वाटत नव्हता.

हे आकडे सावकाश वाचा, कारण तुमचा प्रश्न यातच दडलाय. ऑपरेशनने कळ लवकर जाते, यात शंका नाही. वर्षानंतरची स्थिती मात्र जवळपास सारखीच. म्हणजे तुम्ही ऑपरेशनच्या बदल्यात जे विकत घेताय ते मुख्यतः वेळ आहे, साधारण दोन महिन्यांचा त्रास वाचवणं. त्यासाठी भूल, जखम, संसर्गाचा छोटा धोका, नसेभोवतीच्या आवरणाला चीर पडण्याची शक्यता आणि तीच गादी पुन्हा सरकण्याची शक्यता पत्करायची. दुसऱ्या बाजूला, थांबायचं तर त्या महिन्यांतली झोपमोड, बुडणारं काम, पेनकिलर, आणि इतकं सोसूनही पुढे ऑपरेशन लागू शकतं ही टांगती तलवार. यातलं जड काय आणि हलकं काय, हे कुठल्याही एमआरआयमध्ये दिसत नाही.

थांबण्याबद्दल एक सांगायला हवं, कारण बहुतेकांना वाटतं की सरकलेली गादी तशीच नसेवर बसून राहणार. बरेचदा तसं होत नाही. बाहेर आलेला तुकडा शरीराला परका वाटतो, संरक्षण करणाऱ्या पेशी तिथे जमतात आणि तो हळूहळू शोषला जातो. गंमत म्हणजे मोठे, पूर्ण सुटून बाहेर आलेले तुकडे बरेचदा लहान फुगवट्यापेक्षा जास्त आक्रसतात. त्यामुळे ‘गादी खूपच सरकली आहे’ एवढ्यावरून ऑपरेशन ठरत नाही. आणि ऑपरेशन पायाच्या कळीवर जितकं गुणकारी आहे तितकं कमरेच्या दुखण्यावर नाही. तुम्हाला मुख्य त्रास कमरेचा असेल तर सर्जनना तो वेगळा करून सांगा, कारण अपेक्षाच बदलते.

आता माझ्या ओपीडीतलं एक उदाहरण देते. ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलले आहेत. एक तरुण बाई आल्या, खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाल्या, ‘मला ऑपरेशनच करायचंय.’

मी विचारलं, ‘घाई नेमकी कशाची आहे?’

‘बाळ आठ महिन्यांचं आहे. पाळण्यातून काढायलासुद्धा कोणाला तरी हाक मारावी लागते.’

मी म्हटलं, ‘ऑपरेशननंतर पहिले काही आठवडे मी वजन उचलू देत नाही. बाळ किती किलोचं आहे?’

‘साडेआठ.’ मग थोडं थांबून, ‘म्हणजे ऑपरेशन करूनही मला त्याला घेता येणार नाही?’

लगेच नाही, मी सांगितलं. तिथून आमचं खरं बोलणं सुरू झालं. बसून मांडीवर घेता येईल का, दिवसा सोबतीला कोण आहे, रात्री कोण उठतं, नसेजवळ इंजेक्शन देऊन काही दिवस कळ दबते का ते पाहायचं का. त्यांनी तेव्हा थांबायचं ठरवलं. महिन्याभराने कळ म्हणावी तशी उतरली नव्हती आणि बहीण येऊन राहायला तयार झाली होती, तेव्हा ऑपरेशन करून घेतलं. दोन्ही वेळचे निर्णय बरोबर होते असं माझं मत आहे. एमआरआय तोच होता, घरातली परिस्थिती बदलली होती.

जवळपास तसाच एमआरआय असलेले एक गृहस्थ होते. त्यांना उभं राहिलं, चाललं की बरं वाटायचं, त्रास फक्त बसल्यावर. काम उभ्याचं, रजाही शिल्लक. त्यांना भूल या गोष्टीचीच मनस्वी भीती होती. ते थांबले, आणि त्यांना ऑपरेशन लागलं नाही. लागलं असतं तरी थांबण्याचा निर्णय चुकीचा ठरला नसता.

म्हणून तुमच्या ‘मग डॉक्टर कशाला?’ या प्रश्नाचं माझं उत्तर असं: आजाराचं पुढे काय होतं, ऑपरेशनने काय साधतं, काय बिघडू शकतं, हे डॉक्टरला माहीत असतं. रात्री किती झोप लागते, किती दिवस काम बुडवणं परवडतं, कशाची भीती वाटते, काय सोसायची तयारी आहे, हे फक्त तुम्हाला माहीत असतं. यांतली एक बाजू नसेल तर निर्णय लंगडा होतो. आणि दोन्ही बाजू टेबलावर आल्यावर डॉक्टरने आपलं मत द्यायलाच हवं. पर्याय सांगून गप्प बसणाऱ्या डॉक्टरशी माझे तीव्र मतभेद आहेत. पेशंटचा आदर करायचा म्हणजे त्याला एकटं पाडायचं असं नाही.

डॉक्टरने एकट्याने ठरवलं तर काय बिघडतं, असंही लोक विचारतात. बिघडतं असं की जिथे दोन वाटा खुल्या असतात तिथे निर्णय डॉक्टरच्या सवयीने होतो. अमेरिकेत जॉन वेनबर्ग या डॉक्टरांनी १९७३ मध्ये व्हरमाँट राज्यातल्या नोंदी तपासून दाखवलं होतं की टॉन्सिल काढण्याचं प्रमाण एका भागात दर १०,००० माणसांमागे १३ होतं, तर दुसऱ्यात १५१. एकाच छोट्या राज्यातल्या माणसांचे घसे इतके वेगळे नसतात. वेगळे होते ते तिथले डॉक्टर. मणक्याच्या ऑपरेशनचंही प्रमाण असंच जागोजागी बदलतं. मी सर्जन आहे, माझा हात ऑपरेशनकडे वळणार हे उघड आहे. पेशंटने आपली बाजू सांगितली की त्या ओढीला लगाम बसतो.

आता आकडे विचारायचे कसे, हे थोडं सविस्तर सांगते, कारण इथे चांगले शिकलेले लोकही फसतात. १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना फुफ्फुसाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया की रेडिएशन असं निवडायला सांगितलं. काहींना सांगितलं की शस्त्रक्रियेतून १०० पैकी ९० जण वाचतात, काहींना सांगितलं की १० जण दगावतात. माहिती एकच, पण ‘वाचतात’ ऐकणाऱ्यांनी शस्त्रक्रिया जास्त निवडली. निवडणाऱ्यांत डॉक्टरही होते आणि त्यांच्यावरही तोच परिणाम झाला. म्हणून कोणी ‘९५ टक्के यश’ म्हटलं की उरलेल्या पाच जणांचं काय होतं ते विचारा, आणि यश म्हणजे नेमकं काय तेही विचारा. कळ पूर्ण गेली, की कामावर जाता आलं, की फक्त पुन्हा ऑपरेशन लागलं नाही?

तसंच ‘धोका दुप्पट होतो’ या वाक्याने घाबरू नका, कशाच्या दुप्पट ते विचारा. १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताच्या गुठळीचा धोका दुप्पट होतो असा इशारा दिला गेला आणि असंख्य स्त्रियांनी गोळ्या एकाएकी बंद केल्या. प्रत्यक्षात तो धोका सुमारे ७,००० स्त्रियांत एकीवरून दोघींवर गेला होता. ‘माझ्यासारखे शंभर जण असतील तर त्यातल्या किती जणांना?’ असा प्रश्न विचारलात की डॉक्टरलाही नीट उत्तर द्यावं लागतं. त्यांच्याकडे नेमका आकडा नसेल तर ते तसं सांगतील, तीही माहितीच आहे.

कोणता धोका सांगण्याजोगा, हेही पेशंटच्या बाजूने पाहावं लागतं. मानेचं ऑपरेशन पुढून करतो तेव्हा काहींचा आवाज काही काळ घोगरा होतो. बहुतेकांना ती किरकोळ गोष्ट वाटते. गाण्यावर पोट असलेल्या माणसाला तीच सगळ्यात मोठी. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये माँटगोमेरी खटल्यात हेच तत्त्व मान्य केलं. खटला भरणाऱ्या मधुमेही आईला प्रसूतीत बाळाचे खांदे अडकण्याची ९ ते १० टक्के शक्यता होती, आणि डॉक्टरांनी ती सांगितली नव्हती, कारण सांगितलं तर बायका सिझेरियन मागतील असं त्यांना वाटलं. न्यायालय म्हणालं, त्या जागी असलेल्या समंजस माणसाला जे महत्त्वाचं वाटेल ते सांगायला हवं. म्हणून सर्जनना तुमचं काम काय, छंद काय, कशाशिवाय तुमचं अडतं, हे न विचारताही सांगा.

‘तुमच्या भावाला हे झालं असतं तर काय केलं असतं?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. वाईट प्रश्न नाही, पण तो शेवटी विचारा. आधी विचारलात तर मी माझ्या भावाच्या कामाचा, त्याच्या स्वभावाचा विचार करून उत्तर देईन आणि ते तुम्हाला लागू पडेलच असं नाही. त्याऐवजी असं म्हणा: ‘मी सांगितलं ते सगळं धरून, माझ्यासाठी तुम्हाला काय योग्य वाटतं, आणि का?’ या ‘का’चं उत्तर ऐकून तुम्हाला कळेल की तुमचं म्हणणं त्यांच्यापर्यंत पोचलंय की नाही.

काही पेशंट म्हणतात, ‘डॉक्टर, मला यातलं काही कळत नाही, तुम्हीच सांगा.’ तेही चालतं. ठरवण्याचं ओझं नको असणं हासुद्धा माणसाचा हक्क आहे, विशेषतः दुखण्याने जीव मेटाकुटीला आलेला असताना. पण तेव्हाही मी चार गोष्टी विचारून घेते आणि मगच सांगते. तुमच्या बाबतीत असं वाटत असेल तर निःसंकोच बोला.

घरच्यांबद्दल. पत्नी आणि भाऊ दोघेही तुमच्या काळजीपोटी बोलताहेत, पण दोघांच्या डोळ्यांसमोर वेगळी चित्रं आहेत. पत्नीला रोज रात्रीचं तुमचं तळमळणं दिसतं. भावाला बहुधा ऑपरेशन बिघडलेलं कोणीतरी आठवत असेल. ते कोण, कुठलं ऑपरेशन, कधीचं, एवढं विचारून बघा. पाठीचं ऑपरेशन म्हणून सगळं एकाच मापाने मोजलं जातं, आणि मणके स्क्रूने जोडण्याचं मोठं ऑपरेशन आणि गादीचा तुकडा काढणं यात पुष्कळ अंतर आहे. जमलं तर दोघांपैकी एकाला पुढच्या भेटीत सोबत न्या. एकट्याने ऐकलेलं बरंचसं दाराबाहेर पडेपर्यंत निसटतं.

‘डॉक्टरांना वेळच नसतो’ ही तुमची तक्रार खरी आहे. पण या बोलण्याला लोक समजतात तितका वेळ लागत नाही. पर्याय समजावणारी पत्रकं, व्हिडिओ वगैरे साधनांवरचे १०५ अभ्यास एकत्र करून २०१७ मध्ये एक आढावा निघाला, त्यांत ३१,००० हून जास्त लोक होते. अशी साधनं वापरलेल्यांना पर्याय जास्त चांगले कळले होते, मनातली घालमेल कमी होती, आणि भेटीचा वेळ वाढला होता तो साधारण अडीच मिनिटांनी.

तेव्हा फोन करून ‘हो’ किंवा ‘नाही’ कळवण्याऐवजी ‘ठरवण्याआधी पुन्हा दहा मिनिटं बोलायचं आहे’ असं कळवा. जाताना कागदावर तीनच प्रश्न न्या: माझ्यापुढे पर्याय कोणते, प्रत्येकाचे फायदे-तोटे काय, आणि ते माझ्या बाबतीत होण्याची शक्यता किती. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी हे तीन प्रश्न तपासून पाहिले आहेत, आणि पेशंटने विचारले की डॉक्टर खरोखर जास्त माहिती देतात. त्याखाली तुमच्या बाजूच्या ओळी लिहा: रात्री किती वेळा जाग येते, किती वेळ बसता येतं, काम किती दिवस बुडवता येईल, सगळ्यात जास्त भीती कशाची. निघण्याआधी तुम्हाला जे समजलं ते तुमच्या शब्दांत डॉक्टरांना सांगून दाखवा. चुकीचं समजलं असेल तर तिथेच दुरुस्त होईल. याने नाराज होणारा डॉक्टर मला तरी विरळाच भेटलाय.

राहिला शुक्रवार. ती तारीख बहुधा ऑपरेशन थिएटरच्या वेळापत्रकाची असेल, तुमच्या नसेची नाही. तरी सर्जनना सरळ विचारा की दोन-तीन आठवडे उशीर झाला तर माझं काय नुकसान होईल. ताकद शाबूत असेल तर उत्तर बहुतेक ‘विशेष काही नाही’ असंच येईल. थांबायचं ठरलं तर मोघम थांबू नका. पुन्हा कधी तपासायचं ती तारीख घ्या, कळ कितपत उतरायला हवी ते ठरवा, आणि नाही उतरली तर पुढे काय हेही आत्ताच बोलून घ्या. ऑपरेशन ठरलं आणि तारीख येईपर्यंत कळ निम्म्याने कमी झाली, तर तेही कळवा. त्या नेदरलँड्सच्या अभ्यासातही ऑपरेशन ठरलेल्या काही जणांना टेबलावर जायच्या आधीच बरं वाटायला लागलं होतं, आणि त्यांचं ऑपरेशन झालं नाही.